इंजिन खोलताना मालकाने समोर असावे



गळीत हंगाम आटोपला की कारखान्यावर जे काम सुरू होते ते आपण दरवर्षी पाहता. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पंप आणि गिअरबॉक्स खोलून तपासले जातात आणि पुढच्या मोळी पूजनाच्या आत सगळे पुन्हा जागेवर बसते. त्याच महिन्यांत गावोगाव दुसरे एक काम चालू असते, त्याची नोंद मात्र कुठल्या वहीत होत नाही. ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर गॅरेजला लागतात. कुणाचा धूर वाढलेला असतो, कुणाचा ट्रॅक्टर ऑईल खातो, कुणाच्या रेडिएटरमधलं पाणी कुठे जातं ते कळत नाही. मिस्त्री म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." मालक म्हणतो, "खोला," आणि घरी निघून जातो. आमचे सांगणे एवढेच आहे की त्याने त्या दिवशी घरी जाऊ नये.

याचे कारण साधे आहे. इंजिन बांधताना मिस्त्री जे करतो ते पुस्तकात लिहिलेले असते आणि चांगल्या मिस्त्रीला ते पाठ असते. पण इंजिनला काय झालं होतं याचा पुरावा फक्त खोलताना दिसतो, आणि एकदाच दिसतो. गॅसकेट ओरबाडून काढली, पिस्टन डिझेलमध्ये धुतले, नटबोल्ट एका घमेल्यात पडले की तो पुरावा गेला. मग नवे सामान घालून इंजिन बांधले जाते, आणि ज्या कारणाने जुने सामान गेले तेच कारण नव्यालाही खाते. ते नेमके डिसेंबर-जानेवारीत उघडकीला येते. टोळी फडात बसून, ट्रॉल्या भरलेल्या, आणि ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे हे आपण जाणता. पुढे वजनही घटते आणि साखरही. शिवाय टोळीला दिलेली उचल आणि बँकेचा हप्ता ट्रॅक्टर बंद पडला म्हणून थांबत नाहीत.

आपल्या भागाला इंजिन खोलण्याचे भय तसे कधीच वाटले नाही. पुणे-मिरज रेल्वेने जाताना सातारा रोड आणि किर्लोस्करवाडी ही दोन स्टेशने लागतात. दोन्हीकडे शेतीची लोखंडी अवजारे करणारे कारखाने उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर बस्तान बसवले. सातारा रोडचा कारखाना धनजीशा कूपर यांचा. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, ही गोष्ट आजच्या पोरांना सांगितली तर खरी वाटत नाही.) कूपरच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने होऊ लागली, आणि किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याला ऑईल इंजिनांचा वेगळा कारखाना काढला. वीज येण्याआधी कृष्णाकाठचे आणि विहिरींचे पाणी या इंजिनांनीच उचलले. हँडल मारून ती सुरू करणारे आणि बिघडली तर विहिरीच्या काठावरच खोलणारे हात आपल्या प्रत्येक गावात तयार झाले. आज गॅरेज चालवणारे कितीतरी मिस्त्री त्यांचीच मुले-नातवंडे आहेत.

पण त्या इंजिनाची एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याला सिलिंडर एकच. एकच पिस्टन, एकच रॉड, दोन वॉल्व्ह. सामान एका घमेल्यात टाकले तरी अदलाबदल व्हायला दुसरे होतेच काय? शिवाय ते मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेऱ्यांनी सावकाश चालायचे, थोडंफार इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्यायचे. ट्रॅक्टरचे इंजिन तीन किंवा चार सिलिंडरचे असते आणि दोन हजारांच्या आसपास फेरे घेते. सवय मात्र त्या जुन्या घमेल्याचीच राहिली. आमच्या मते खोलताना होणारे निम्मे नुकसान या एका सवयीतून येते.

आता खोलावे की नाही हेच आधी ठरवू. धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. पाचट आणि धुळीत चाललेल्या ट्रॅक्टरचा एअर क्लिनर गच्च झालेला असतो, तेव्हा तो आणि नोझल तपासल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नये. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. पांढरा धूर थंडीच्या सकाळी दोन मिनिटे आला तर काळजी नाही. इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि पाणी कमी होत असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याचा संशय घ्यावा. ऑईलची पट्टी काढून पाहावी. ऑईल दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी मिसळलं आहे. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून मग ते सुरू करावे. पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅसकेट किंवा हेडच गेल्याची शक्यता मोठी. ब्रीदरमधून भकाभका वाफा येत असतील तर रिंगा आणि लायनर झिजले. एवढी तपासणी व्हायला अर्धा तास पुरतो, आणि तिच्यावरून नुसतं हेड उतरवायचं की पूर्ण इंजिन खोलायचं हे ठरते. दोन्हींच्या खर्चात किती फरक पडतो हे आम्ही सांगायला नको.

खोलायचे ठरले की इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे. गरम हेडचे बोल्ट सोडले तर बीड वाकतं. संध्याकाळी ट्रॅक्टर लावून सकाळी काम धरावे हे उत्तम. बाहेरून डिझेलने आणि पाण्याने स्वच्छ धुवावे, कारण रस्त्याची माती आत गेली तर तीच पुढे रिंगा खाते. बॅटरीची अर्थची वायर प्रथम काढावी. पाणी आणि ऑईल उतरवून घ्यावे, पण ऑईल लगेच ओतून देऊ नये. स्वच्छ डब्यात घेऊन, बोटांवर चोळून, उन्हात धरून पाहावे. चांदीसारखी किंवा तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा धातू सुटला आहे, मग नुसतं हेड उतरवून भागणार नाही.

बॉनेट, सायलेन्सर, एअर क्लिनरचा पाइप, मॅनिफोल्ड हे काढण्यात विशेष काही नाही. पण डिझेलचे पाइप सोडताच पंपाची आणि नोझलची उघडी तोंडे झाकली पाहिजेत. यासाठी प्लॅस्टिकच्या स्वच्छ टोप्या मिळतात, त्या वापराव्यात. चिंधी कोंबू नये, कारण चिंधीचा एक धागासुद्धा नोझलचं भोक बंद करायला पुरतो. नोझल काढल्यावर त्याखालचा तांब्याचा वायसर भोकात राहिला का ते बघावे. तो तिथेच राहिला आणि वर दुसरा बसला की नोझल उंच बसतो आणि इंजिन धूर फेकू लागतं. मिस्त्री मग पंपाला दोष देतो.

रॉकरचा सांगाडा थोडा थोडा करत सर्व बाजूंनी सारखा ढिला करून उचलायचा. त्याखालच्या पुशरॉडसाठी आम्ही एक सोपी युक्ती सांगतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला ओळीने भोके पाडावीत, एका टोकाला 'पंखा' असे लिहावे आणि निघेल तो रॉड आपापल्या भोकात उभा करावा. प्रत्येक रॉड आपल्या जागी झिजून बसलेला असतो, त्याला तीच जागा परत मिळावी. वॉल्व्हचेही तसेच.

आता हेडचे बोल्ट. इथे सर्वात जास्त घाई होते. लांब पाइप लावून मिस्त्री एका कडेने सुरुवात करतो आणि एकेक बोल्ट पुरा काढत जातो. एका टोकाचा ताण गेला, दुसऱ्या टोकाचा तसाच राहिला, की हेड त्या ओढीने मुरडते. हेड म्हणजे फळी नव्हे, आतून पाण्याच्या वाटा असलेले बीड आहे. वाकले तर वाकते आणि तडकलेही. म्हणून सोडताना बाहेरच्या कडांकडून मधल्या बोल्टांकडे यायचे, आलटून-पालटून, पहिल्या फेरीत प्रत्येकाला पाव-अर्धा आटा देऊन आणि दोन-तीन फेऱ्यांत पूर्ण. बांधताना याच्या उलट, मधून बाहेर, आणि तेही टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे. "माझ्या हाताला अंदाज आहे," असे म्हणणारा मिस्त्री वाईट असतो असे नाही, पण दहा-पंधरा बोल्टांना सारखा ताण हाताच्या अंदाजाने देता येत नाही.

बोल्ट निघाल्यावरही हेड चिकटून बसते. तेव्हा फटीत पेचकस घालून उचकू देऊ नये. त्या पृष्ठभागावर पडलेला ओरखडा पुढे गॅसची आणि पाण्याची वाट होतो. बाजूने लाकडी किंवा रबरी हातोडीने टपटप ठोकावे, सुटते. सरळ वर उचलून लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवावे, मातीत किंवा फरशीवर पालथे टाकू नये.

इथे मिस्त्रीला म्हणावे, जरा थांब. पुसू नको, धुऊ नको.

जुनी गॅसकेट दोन्ही हातांत धरून नीट पाहावी. दोन सिलिंडरच्या मधला भाग जळून काळा झाला असेल तर गॅस एका सिलिंडरमधून दुसऱ्यात फुंकत होता. पाण्याच्या भोकापासून सिलिंडरपर्यंत तांबूस गंजाची रेघ आली असेल तर पाणी कुठून कुठे जात होते ते कळाले. पिस्टनची डोकी पाहावीत. तीन डोक्यांवर कोरडी काजळी आणि एकच ओले, तेलकट असेल तर रोग त्या एका सिलिंडरचा आहे. एकच डोके धुऊन काढल्यासारखे स्वच्छ दिसत असेल तर तिथे पाण्याची वाफ होत होती. हेडवर सरळ पोलादी पट्टी उभी, आडवी आणि तिरपी धरून खालून फिलर गेज घालून पाहावे. पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा जास्त पोकळी आली तर हेडचा फेस मारून घ्यावा लागतो. सरळ असलेल्या हेडला उगाच फेस मारू नये. बीड निघत गेलं की पुढच्या वेळी मारायला उरत नाही.

आणि गॅसकेट जळलीच का, हा प्रश्न विचारल्याशिवाय नवी बसवू नये. इंजिन तापले म्हणून जळली असेल, तर तापले का? कृष्णाकाठच्या जमिनीत क्षार वाढत चालले आहेत हे वाळवा-मिरजेकडच्या सभासदांना वेगळे सांगायला नको. तेच बोअरचे पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. जे क्षार जमिनीवर पांढरे फुलतात त्यांचाच थर आतल्या पाण्याच्या वाटांत धरतो, आणि तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हेड उतरलेले असताना पाण्याच्या भोकांत बोट घालून पाहावे. चुन्यासारखा थर लागला तर गॅसकेटचा गुन्हा नाही, पाण्याचा आहे. बांधताना स्वच्छ मऊ पाणी आणि कंपनीने सांगितलेले कूलंट घातले नाही, तर येत्या हंगामात पुन्हा तेच.

हेड उतरल्यावर आणखी एक धोका असतो आणि तो फार जणांना ठाऊक नसतो. बऱ्याच ट्रॅक्टरांत लायनर ओले, म्हणजे त्यांच्या बाहेरून पाणी खेळते. वरून त्यांना हेडनेच दाबून धरलेले असते आणि खाली रबरी कड्या पाणी अडवतात. हेड काढल्यावर कुणी सहज क्रँक फिरवला तर वर येणारा पिस्टन लायनरलाही वर ओढतो. खालच्या कडीची बैठक हलते. बाहेरून काही दिसत नाही. इंजिन बांधून झाल्यावर चार दिवसांनी ऑईल दुधाळ होते आणि मिस्त्री-मालकाचे भांडण लागते. म्हणून क्रँक फिरवण्याआधी मोठा वायसर आणि बोल्ट लावून लायनर जागेवर दाबून ठेवावेत. दोन रुपयांच्या वायसरची गोष्ट आहे.

लायनर काढायचेच असतील तर पुलरने काढावेत आणि बाहेरचे अंग बघावे. त्यावर सुईने टोचल्यासारखी भोके दिसली तर ती गंजाची असतीलच असे नाही. इंजिनाच्या हादऱ्याने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटतात, ते हळूहळू लोखंड पोखरतात. यालाही उपाय पुन्हा कूलंटच.

पिस्टन वरून निघतात. त्याआधी लायनरच्या वरच्या टोकाला नखाला लागेल अशी कड तयार झाली असेल तर ती काढून घ्यावी, नाहीतर रिंगा त्या कडीत अडकून तुटतात आणि पिस्टनचा गाळा फुटतो. ऑईल चेंबर उतरवून कॉनरॉडच्या टोप्या सोडाव्या लागतात. इथे मालकाने डोळ्यांत तेल घालून बसावे. रॉड आणि त्याची टोपी कारखान्यात एकत्र बांधून, एकाच वेळी त्यांचे भोक पाडलेले असते. दुसऱ्या नंबरची टोपी पहिल्या रॉडला बसते, बोल्टही लागतात, पण भोक खरे गोल राहत नाही. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑईलच्या पातळ पदराला जी जागा ठेवलेली असते ती वहीच्या कागदाच्या जाडीहूनही कमी असते. तेवढ्यात ती टोपी चावते आणि इंजिन बसते. अशा एका ट्रॅक्टरचे बिल आमच्या पाहण्यात आहे. मुळात काम रिंगांचे होते, शेवटी क्रँकपर्यंत गेले. म्हणून रॉडवर आणि टोपीवर नंबर आहेत का ते सोडण्याआधी बघावे. नसतील तर घालून घ्यावेत आणि दोन्ही नंबर एकाच अंगाला येतील असे पाहावे. रॉड वर ढकलताना त्याच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवावेत, म्हणजे क्रँकच्या पॉलिशला ओरखडा येत नाही. निघालेली टोपी लगेच त्याच रॉडला दोन आटे लावून ठेवावी, मग घमेलेही चालेल.

काही ट्रॅक्टरांचे ऑईल चेंबर पत्र्याचे नसून जाड बिडाचे असते आणि ट्रॅक्टरचा पुढचा भार त्यावरच असतो. ते काढायचे म्हणजे ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडावा लागतो. पुढचा आस मधल्या खिळीवर डोलतो, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय आणि खाली भक्कम घोडे लावल्याशिवाय कुणालाही खाली सरकू देऊ नये. नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नये. विटांचा थर लावून काम करणारे आम्ही पाहिले आहेत आणि त्यांना तिथल्या तिथे थांबवले आहे.

पंपाबद्दल थोडक्यात. पंप उतरवताना टायमिंगच्या खुणा जुळवून, त्या रंगवून मगच सोडावा. आतून तो गॅरेजमध्ये खोलू नये, त्याला तपासणीचे बेंच लागते. आणि १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. त्यांतल्या अनेकांत डिझेलचा दाब जुन्या पंपाच्या कितीतरी पट असतो आणि कारभार सेन्सर पाहतात. जुन्या सवयीने इंजिन चालू असताना पाइपचा नट ढिला करून कोणता सिलिंडर मारत नाही ते पाहणे, हा प्रकार अशा ट्रॅक्टरवर अजिबात करू नये. ती धार कातडीतून आत शिरते आणि बाहेरून जखम टाचणीएवढीच दिसते. अशी धार लागली तर ताबडतोब दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना डिझेलच्या दाबाची धार लागली असे स्पष्ट सांगावे.

जुने सामान मात्र मागून घ्यावे. गॅसकेट, रिंगा, बेअरिंगच्या वाट्या, सगळे पिशवीत नंबर घालून घरी आणावे. बेअरिंगच्या वाट्या एका बाजूला जास्त झिजल्या असतील तर रॉड वाकलेला असू शकतो, आणि हे इंजिन बांधण्याआधी कळले तर उपयोग आहे. कारखान्याच्या यंत्रशाळेतील फिटर ऑफ सीझनमध्ये दुपारी चारनंतर मोकळे असतात. असे सामान घेऊन येणाऱ्या सभासदाला ते पाहून सांगतील.

शेवटी पावसाचे. आपल्याकडे हे काम बहुधा मे महिन्यात निघते, सामान यायला वेळ लागतो आणि जून तोंडावर येतो. उघडे इंजिन पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिले तर दमट हवेत लायनरवर एका रात्रीत गंजाची रेघ धरते. लायनर, क्रँक आणि हेडच्या पृष्ठभागाला स्वच्छ ऑईल चोपडून ठेवावे, वर धुतलेले सुती कापड पसरावे आणि त्यावर प्लॅस्टिक. कापड न घालता नुसतं प्लॅस्टिक टाकलं तर आतून घाम सुटतो आणि तोच गंज चढवतो.